राजदंडामागून

विषय क्रमांक नऊ माझा निम्मा वाचून झाला होता, तेवढ्यात सोपानअण्णा माळी खुर्चीतून उठले, शर्टाच्या बाह्या दुमडत मंचापाशी आले आणि त्यांनी माझ्यासमोरच्या स्टँडवरचा राजदंड उचलला.

सभागृहात कुणीही दचकलं नाही. मागच्या बाकांवरच्या दोघांनी कागद आवरायला घेतले. फोटोग्राफर आधीच पुढे येऊन गुडघ्यांवर बसले होते. आमचा चोपदार इस्माईलचाचा, ज्याचं कामच मुळी राजदंड सांभाळणं, तो अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाला, “अण्णा, जरा खालनं धरा. वरचा मोर सैल झालाय.”

“धरलाय रे,” अण्णा हळूच म्हणाले. मग फोटोग्राफरांकडे तोंड करून, आवाज चढवून, “या मनमानी कारभाराचा निषेध असो!”

“निषेध असो!” विरोधी बाकांवरून आलं. त्यातला एक जण जांभई देत होता.

अण्णांनी राजदंड खांद्यावर टाकला आणि ते दाराबाहेर पडले.

हरणापूर महापालिकेत राजदंड पळवणं ही आगळीक नव्हती, रीत होती. विरोधकांना एखादा विषय नको असला की त्यांच्या नेत्याने राजदंड उचलून चालतं व्हायचं. राजदंड गेला की सभा थांबायची आणि सभा थांबली की शिपाई चहा आणायचा. विरोधी पक्षनेते म्हणून सोपानअण्णांचा यात हात बसलेला होता. पायऱ्या उतरून ते आपल्या जीपमध्ये बसत, राजदंड मांडीवर आडवा घेत आणि घरी जात. तिथे तो झोपाळ्यावर ठेवला जाई. संध्याकाळी इस्माईलचाचा सायकलवरून आणायला गेला की त्याला चहा-खारी मिळे. तोवर काकूंनी चिंच लावून राजदंड असा घासलेला असे, की माहेरी जाऊन आल्यासारखा तो उजळून परत येई.

तो चांदीचा आहे असं सगळे सांगत. मी रसायनशास्त्राची. महापौर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तो नीट न्याहाळला. चांदी काळी पडते; हा खाचांमध्ये हिरवट पडत होता. म्हणजे जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो. मी इस्माईलचाचाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “आपल्या दोघांतच ठेवा मॅडम. चांदीचा म्हटलं की लोक जरा अदबीनं पळवतात.”

मी महापौर झाले त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि चिठ्ठीचं जास्त. एम.एस्सी. होऊन मी पीएच.डी.चा अर्ज भरत होते. आमचा वॉर्ड इतर मागासवर्गातल्या महिलेसाठी राखीव झाला आणि पक्षाचे लोक आमच्या घरी आले, कारण माझ्या वडिलांचं गावात कुणाशी वैर नव्हतं. यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाला वैर करायला वेळच नसतो. मी निवडून आले. पुढे महापौरपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी काढली, तीही त्याच प्रवर्गाची निघाली. आमच्या बाजूला त्यात बसणाऱ्या दोघीच होतो. दुसरीचं आणि आमचे गटनेते प्रतापराव हजारे यांचं बोलणं बंद होतं. अशा रीतीने पंचविसाव्या वर्षी मी शर्वरी दिवटे, शहराची प्रथम नागरिक झाले.

“काही अवघड नसतं,” प्रतापरावांनी पहिल्या दिवशी सांगितलं. “फीत कापायची, सही करायची, आणि राजदंड गेला की सभा तहकूब करायची. बाकी मी आहे.”

मी फिती कापल्या, सह्या केल्या. मात्र एक खोड मला प्रयोगशाळेतून लागलेली होती. कुणी काही ठामपणे सांगितलं की मी आमचे नगरसचिव पेंढारकर यांना विचारायची, “हे कुठे लिहिलंय?” सभेचे नियम पाहणं हे त्यांचं काम. माणूस मोठा सज्जन, पण या प्रश्नाने त्यांचा चष्मा घामाने घसरायचा.

विषय क्रमांक नऊ होता भाजी मंडईत बायकांसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा. आदल्या उन्हाळ्यात मी मंडईत मेथी घ्यायला गेले होते. जिच्याकडून घेत होते तिच्याशेजारी पाण्याची घागर होती. ती घागरीतलं पाणी सारखं भाजीवर शिंपडत होती, पण स्वतः पीत नव्हती. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

“मावशी, तुम्ही नाही पीत पाणी?”

“पिऊन ठिवायचं कुठं?” ती म्हणाली.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. “म्हणजे इथे बायकांसाठी काहीच सोय नाही?”

“हाय की. घर.”

“घर कुठे आहे?”

“नदीपल्याड.” तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू कोण गं? कालेजची? सर्वे का काय त्यो कराय आलीस व्हय?”

“मी महापौर आहे.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला हाक मारली, “ए शांते, बग गं, म्हापौर! मेथी घ्याला आलीया.” मग मला म्हणाली, “असशील बाई. जुडी तेवढी बगून घे, आतनं पिवळी हाय.”

तिचं नाव बायजाक्का लोखंडे. मंडईतल्या सगळ्या बायका तिचं ऐकत. मी म्हटलं, “मी सोय करते तुमची.” ती म्हणाली, “आधीचे दोघंबी आसंच म्हणाले हुते. त्येंनी तर मेथीबी घेटली न्हवती.”

मी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यात मंडईतल्या बायका एकामागून एक येतात. लघवीची जळजळ, मुतखडा, ताप. नाव सांगायच्या आधीच ओळखते मी.”

त्यानंतर वर्षभर मी त्या एकाच गोष्टीच्या मागे होते. सोय हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं. अडलं होतं ते जागेवर. मंडईच्या तोंडाशी जकात नाक्याची जुनी खोली बंद पडून होती. जागा महापालिकेची, नळ जवळ, गटार जवळ. पण तिच्या भिंतीला भिंत लावून मनोहरशेठ कोऱ्यांचं कापडाचं दुकान, आणि पुढे व्यापाऱ्यांची ओळ. ते सगळे अण्णांच्या पक्षाचे. आमच्या बाजूच्याही काही नगरसेवकांची दुकानं त्याच ओळीत. भेटेल तो म्हणायचा, “व्हायलाच पाहिजे मॅडम, फक्त इथे नको.” ज्याला विचारावं त्याचं ‘इथे’ वेगळं होतं.

त्या दिवशीची सभा शेवटची होती. दुसऱ्या दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागणार हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. ती लागली की नवा ठराव करता येत नाही. निवडणूक झाली की माझी मुदत संपणार. ठराव आज झाला तर झाला.

आणि राजदंड तर जिना उतरत होता.

प्रतापराव माझ्याकडे झुकले. त्यांचा चेहरा नुकत्याच परीक्षेतून सुटलेल्या मुलासारखा दिसत होता. “बरं झालं,” ते म्हणाले. “आपल्याला वाईट व्हायला नको. आपण विषय आणला, त्यांनी हाणून पाडला. प्रचारात बोलता येईल. करा तहकूब. आज भजीपण सांगितलीत.”

मी पेंढारकरांकडे वळले. “साहेब, राजदंड नसला की सभा चालत नाही, हे कुठे लिहिलंय?”

चष्मा घसरला. “लिहिलेलं असं नाही मॅडम. प्रथा आहे.”

“काय प्रथा आहे, नेमकी?”

“राजदंड असेल तरच सभा.”

“म्हणजे राजदंड जिथे असेल तिथे सभा असते?”

“तसंच म्हणायचं...” ते बोलून गेले आणि थांबले.

“मग आपली सभा आत्ता जिन्यात आहे,” मी म्हटलं. “सभेची जागा बदलता येते का?”

“हजर सदस्यांची हरकत नसेल तर तशी तरतूद आहे. पण मॅडम, आजवर कुणी...”

मी माईक तोंडाशी घेतला. “सभा तहकूब झालेली नाही. सभा राजदंडाबरोबर निघाली आहे आणि मी सभेबरोबर निघाले आहे. कुणाची हरकत?”

काय विचारलं हेच कुणाला कळलं नव्हतं, त्यामुळे हरकत कुणीच घेतली नाही.

“पत्रकार मित्रांनो,” मी पुढे म्हटलं, “जे सदस्य इथेच थांबतील त्यांची विषय क्रमांक नऊला गैरहजेरी लागेल. नावं पेंढारकरसाहेब देतील.”

निवडणुकीच्या तोंडावर बायकांच्या स्वच्छतागृहाला गैरहजर, असं नाव कुणाला छापून हवं होतं? खुर्च्या एकदम सरकल्या. चहाचे कप हातात घेऊनच सगळे उठले. मी विषयपत्रिका काखेत मारली आणि जिन्याकडे धावले. साडीत धावायची मला सवय नव्हती; महापौरपदाने शिकवलेल्या गोष्टींत तीही एक.

पोर्चमध्ये जीप नव्हती. मला वाटलं, ड्रायव्हर कुठे तरी पान खायला गेला असेल. आता अण्णांना गाठता येईल. पण अण्णा फाटकाबाहेर पडले होते आणि राजदंड खांद्यावर टाकून रमतगमत चालले होते. त्यांचं घर डावीकडे. ते उजवीकडे वळले.

उजवीकडचा रस्ता मंडईत जातो. म्हणजे अण्णा राजदंड घेऊन थेट मनोहरशेठांच्या दुकानी निघाले होते. तिथे व्यापारी गोळा होणार, घोषणा होणार, आणि आमच्यातले काठावरचे तिथल्या तिथे पलीकडे उड्या मारणार. सभा उठवून मी ती विरोधकांच्या अंगणात घेऊन चालले होते. पण मागे फिरायचं म्हणजे सभा संपली असं कबूल करायचं.

“अण्णा!” मी हाक मारली. “राजदंड द्या!”

“या की न्यायला,” न वळताच ते म्हणाले आणि चालत राहिले.

पुढे अण्णा, त्यांच्यामागे धापा टाकत मी, माझ्यामागे इस्माईलचाचा, मग हजेरीची वही छातीशी धरून पेंढारकर आणि त्यांच्यामागे कप घेतलेले सगळे नगरसेवक. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले.

“कुणाची मिरवणूक हो?” एका सायकलवाल्याने विचारलं.

“मिरवणूक नाही, सर्वसाधारण सभा,” पेंढारकरांनी गंभीरपणे खुलासा केला.

“अस्सं? मग आमच्या गल्लीतल्या दिव्याचं काय झालं?”

“तो विषय पत्रिकेवर नाही.”

गजरेवालीने अण्णांना थांबवलं. “देव कुठला वो?” असं विचारत तिने राजदंडाच्या मोराला गजरा बांधला आणि पाया पडली. अण्णांनी तिला आशीर्वादही दिला. रसवंतीपाशी ते दम घ्यायला उभे राहिले. मी जवळ पोचणार, एवढ्यात वळून म्हणाले, “काय महापौरबाई, दमलात? या वयात?”

“अण्णा, हे बरं दिसत नाही.”

“मग घरी जा.”

“सभा सोडून?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्यांना हसू आलं, पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.

मनोहरशेठ दुकानाच्या पायरीवर उभेच होते. बातमी माणसापेक्षा जोरात चालते. शेजारचे व्यापारीही बाहेर आले होते. अण्णा त्यांच्या समोरून गेले आणि दोन पावलं पुढे, जकात नाक्याच्या खोलीच्या कट्ट्यापाशी थांबले. राजदंड त्यांनी भिंतीला टेकवून उभा केला, वांग्याच्या आणि दोडक्याच्या पाट्यांच्या मधोमध, आणि कट्ट्यावर बसले.

“संपला बाबा गुडघा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आता इथनं हलणं नाही.”

म्हणजे सभा भरायची ती इथेच. मी आजूबाजूला पाहिलं. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या होत्या. बायजाक्काने टोमॅटोचा एक रिकामा क्रेट पालथा घालून माझ्यापुढे सरकवला. “बस, म्हापौर. हुबी का?”

मी बसले. “विषय क्रमांक नऊ, पुढे चालू,” मी म्हटलं, पण गलक्यात माझं मलाच ऐकू येईना. बायजाक्काने किलोचं वजन उचलून तराजूच्या पारड्यावर दाणकन आपटलं. “ए, गप बसा सगळी! मॅडम बोलत्यात!” पूर्ण दोन वर्षांत माझ्या घंटेने सभागृह इतकं शांत कधी झालं नव्हतं.

मी ठराव वाचला. मनोहरशेठ पायरी उतरून पुढे आले.

“मॅडम, मी सभासद नाही, पण बोलू का?”

“बोला शेठ.”

“मी बायकांच्या विरोधात नाही. पण माझ्या दुकानात लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात. दारात वास आला तर कोण चढेल पायरी?”

“वास पाणी नसलेल्या ठिकाणी येतो,” मी म्हटलं. “लघवी साचून राहिली की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, नाकाला झोंबतो तो तोच. इथे नळ दहा पावलांवर आहे. टाकी आहे, हवा जायला वर नळी आहे, धुवायला माणूस आहे. साचू दिलं नाही तर वास येणार नाही.”

“ते कागदावर झालं.”

“बरं. शेठ, तुमच्या दुकानात मुली कामाला आहेत ना? त्या कुठे जातात?”

मनोहरशेठ गोंधळले. काउंटरमागे तीन मुली माना लांब करून ऐकत होत्या. “त्या... त्यांची त्या बघतात.”

“कुठं बगतोय शेठ,” एक मुलगी आतून म्हणाली. आवाज बारीक होता, पण गल्लीभर पोचला. “सकाळी येताना चहा घेत नाय आम्ही.”

मनोहरशेठ त्या मुलीकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “दार माझ्याकडनं नको. मागच्या बोळातनं करा.”

“बोळातनं बरंच हाय,” बायजाक्का म्हणाली. “तुज्या गिऱ्हाइकापुढनं कोन जातंय आत?”

मी पेंढारकरांना सांगितलं, “दुरुस्तीसह. दार बोळाच्या बाजूला.” ते उभ्या उभ्या, शांताबाईच्या पाठीवर वही टेकवून लिहीत होते.

मग मतदान. नेहमीची पद्धत अशी, की बाजूने कोण, हे आधी विचारायचं. तेव्हा पंधरा-वीस हात वर होतात, बाकीचे छताकडे बघतात, आणि शेवटी कोणी काय केलं ते कुणालाच समजत नाही. आधी काय विचारायचं हे कुठेच लिहिलेलं नाही, हे मी पूर्वीच पेंढारकरांकडून काढून घेतलं होतं.

“विषय क्रमांक नऊला ज्यांचा विरोध आहे,” मी म्हटलं, “त्यांनी हात वर करावेत.”

मंडईतल्या सगळ्या बायका नगरसेवकांकडे बघत होत्या. कुणाच्या हातात विळा होता, कुणाच्या हातात मुळा. या बायकांकडून हे सगळे रोज भाजी घेत होते आणि आता महिन्याभरात मत मागणार होते. एकही हात हलेना. मग मागच्या रांगेतला एक हात हळूहळू वर यायला लागला, कानापर्यंत आला आणि तिथेच घुटमळला.

“खाजवतुयास का वर करतुयास?” बायजाक्काने विचारलं.

“खाजवतोय,” तो घाईने म्हणाला.

मी अण्णांकडे पाहिलं. विरोधी पक्षनेत्याने विरोध नोंदवला असता, तर त्यांच्या सगळ्यांना तो नोंदवावा लागला असता. त्यांनी शांतपणे हात लांब केले, भिंतीला टेकलेला राजदंड उचलला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मांडीवर घेतला.

“माझे हात गुंतलेत,” ते म्हणाले. “पेंढारकर, लिहा. विरोधी पक्षनेते तटस्थ.”

“सर्वानुमते मंजूर,” मी म्हटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायजाक्काने मान डोलावली, वजन जागेवर ठेवलं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “हां, तुमी काय म्हनत हुता? अर्धा किलो?” क्षणात मंडई पुन्हा सुरू झाली. प्रतापराव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. त्यांना रागवायचं होतं, पण एका बाईने “दादा, लई ब्येस काम केलंसा” म्हणून त्यांच्या हातात काकडी ठेवली आणि ते रागवायचे राहूनच गेले.

परत जाताना अण्णांनी राजदंड माझ्या हातात दिला. “धरा आता. जड आहे.”

खरंच जड होता. तोवर मी तो कधी उचललाच नव्हता. बाकीचे पुढे गेले होते. अण्णा लंगडत होते म्हणून मी हळू चालत होते.

“अण्णा, तुमची जीप कुठे आहे?”

“सकाळीच घरी पाठवली.”

“बिघडली?”

“ठणठणीत आहे.” ते थांबले, गुडघा चोळला. “पण जीपमागं सभा पळाली असती का?”

मी जागीच उभी राहिले. एक रिक्षा हॉर्न वाजवत बाजूने गेली.

“माझी आई त्याच भिंतीला टेकून बसायची,” अण्णा म्हणाले. “कोथिंबीर, मिरच्या. बाजारच्या दिवशी मी शाळा सुटल्यावर जायचो, तर मला म्हणायची, पळ, घरी पोचलास की आधी तांब्या भरून ठेव. ती आली की दारातच उभ्याने अख्खा तांब्या प्यायची. मला वाटायचं, हिला बाजाराच्या दिवशीच एवढी तहान का लागते? कळलं तेव्हा ती नव्हती.”

“मग तुम्ही पक्षात...”

“पक्षाच्या बैठकीत विरोधाचा प्रस्ताव मीच मांडला. व्यापारी आमचे. चाळीस वर्षं त्यांच्या जिवावर निवडून आलो. नाही कसं म्हणणार?”

“आणि मी मागे आलेच नसते तर?”

“तर रस पिऊन घरी गेलो असतो. मला काय स्वप्न पडलं होतं?” ते पुन्हा चालू लागले. “पण तुम्ही त्या पेंढारकरला सारखा एकच प्रश्न विचारता, ते बघत आलोय मी. म्हटलं, आज विचारला म्हणजे बरं. नाही विचारला तर पोरगी उगाच एम.एस्सी. झाली.”

“अण्णा, हे लोकांना कळायला हवं.”

“अजिबात नाही. मी आहे तोवर पोटात ठेवा. आणि सांगितलंतच, तर मी म्हणेन, या पोरीने माझ्या हातातला राजदंड हिसकावून घेतला.” त्यांनी माझ्या हातातल्या राजदंडाकडे बोट केलं. “साक्षीदार भरपूर आहेत.”

मी ते पोटात ठेवलं. अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

त्या निवडणुकीत मी पडले. मनोहरशेठांच्या ओळीतून मतं मिळाली नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्याच गल्लीतूनही कमीच मिळाली. मी पीएच.डी.चा अर्ज पुन्हा भरला. स्वच्छतागृह पुढच्या वर्षी बांधून झालं. कोनशिलेवर कुणाचं नाव वर घ्यायचं यावरून नव्या महापौरांचं आणि त्यांच्या उपमहापौरांचं इतकं वाजलं, की उद्घाटनाची तारीखच ठरेना. एका सकाळी बायकांनी कुलूप काढलं आणि वापरायला सुरुवात केली. ते कुणी काढलं हे कुणीच सांगितलं नाही.

मी बऱ्याच दिवसांनी मंडईत गेले. बायजाक्का जागेवर होती. मला बघताच म्हणाली, “आलीस? बरं झालं. त्या तुज्या खोलीत दिव्याचं बटन लई उच्चावर बसिवलंय. आमचा हात पोचत न्हाय. सांजचं अंधारात चाचपडाय लागतंय. कुनाला सांगायचं?”

“मी आता महापौर नाही, बायजाक्का.”

“मग काय झालं? डोळं हायती न्हवं? जा, बगून यी.”

मी बोळातून आत गेले. लादी ओली होती, नळाला पाणी होतं. वास नव्हता. बटण खरंच उंच होतं; टाचा उंचावल्या तरी माझं बोट जेमतेम टेकत होतं. बसवणारा पुरुष उंच असणार आणि त्याने आपल्याच वर केलेल्या हाताच्या हिशोबाने भोक पाडलं असणार.

मी तिथून सरळ महापालिकेत गेले आणि तक्रार खिडकीच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आतल्या कारकुनाने मान वर केली आणि तो गडबडून उठला. “अहो मॅडम, तुम्ही रांगेत कशाला? वर चला ना, साहेबांना भेटा. काय विषय आहे?”

“दिव्याचं बटण,” मी म्हटलं. “वीतभर खाली घ्यायचंय.”